झाकणाचा रिव्हेट आणि परीक्षकाचा शेरा: ‘नुसता क्रम बदलला’

प्रश्न असा आला आहे. वाळूजच्या एका टूलरूमने पेयाच्या कॅनची झाकणं बनवण्याच्या पद्धतीवर पेटंटसाठी अर्ज केला. झाकणावर टॅब धरून ठेवणारा जो रिव्हेट असतो, त्याच्या मुळाशी केसाएवढे तडे जात होते. हा रिव्हेट एका फटक्यात उभा राहत नाही, टप्प्याटप्प्याने उचलावा लागतो. त्यातल्या दोन टप्प्यांच्या मधे या मंडळींनी मुळाभोवती एक अरुंद कडं दाबून घेतलं आणि तडे थांबले. आता मुंबईच्या पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल हातात पडला आहे. परीक्षकाने दोन जुनी अमेरिकी पेटंटं समोर ठेवली आहेत. पहिल्यात रिव्हेट टप्प्यांनी उचलला आहे, दुसऱ्यात मुळाभोवती कडं दाबलं आहे. आक्षेप असा की दोन्ही कृती आधीच माहीत होत्या, अर्जदाराने नुसता क्रम बदलला, यात कल्पकता नाही. जोडीला पेटंट कायद्याचं कलम ३(डी), कलम ३(एफ) आणि क्लेम (म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्यं) संदिग्ध असल्याचे शेरे आहेत. विचारणा अशी: यात लढण्यासारखं काही उरलं आहे का, की अर्ज सोडून द्यावा?

लढा, असं माझं मत आहे. पण ‘क्रम’ या शब्दावर परीक्षकाशी वाद घालत बसू नका. क्रम तुमच्या कागदावर आहे, शोध पत्र्यात आहे. दोन ठोक्यांच्या मधे पत्रा एका विशिष्ट अवस्थेत असतो आणि तुम्ही त्याला नेमकं त्याच अवस्थेत गाठलंत. हे तुमच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या लेखी वर्णनात, एखाद्या परिच्छेदात जरी लिहिलेलं असेल, तरी सगळं उत्तर त्यावर उभं करता येतं. म्हणून अहवाल बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळी स्वतःचंच स्पेसिफिकेशन पुन्हा वाचा. कडं मधेच का दाबलं, दाबलेला धातू कुठे गेला, त्याने काय साधलं, याबद्दलची प्रत्येक ओळ खुणेने अधोरेखित करा.

पेटंटच्या कामात येण्याआधी मी काही वर्षं प्रेस टूल डिझाइन करत होतो, म्हणून आधी पत्र्याकडे वळतो. झाकणाचा पत्रा ५१८२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि कॅनच्या अंगाच्या पत्र्यापेक्षा तो जास्त ताकदीचा असतो. जाडी जेमतेम ०.२ मिमीच्या थोडी वर, दोन्ही बाजूंना लॅकर. शेल प्रेसमध्ये त्याच्या चकत्या कापून वाटीसारखं शेल बनतं, कड वळवली जाते, तिच्यात सीलिंग कंपाउंड भरलं जातं. मग ही शेलं कन्व्हर्जन प्रेसमध्ये जातात आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. पहिल्या स्टेशनवर मधोमध एक उथळ, पसरट फुगवटा उठतो, त्याला बबल म्हणतात. पुढच्या स्टेशनांवर तोच फुगवटा आवळत आवळत अरुंद आणि उंच केला जातो, ही बटनं. मग तोंडाची रेघ, म्हणजे स्कोअर, खोदली जाते. स्कोअरखाली उरतो तो धातू ०.१ मिमीच्या आसपास. शेवटी दुसऱ्या पट्टीतून बनून आलेली टॅब बटनावर बसते आणि बटनाचं डोकं चेपून रिव्हेट होतो.

या सगळ्यात झाकणाला कुठेही भोक पडत नाही. रिव्हेट झाकणाच्याच पत्र्यातून उचललेला असतो. कॅनच्या आत कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, तेव्हा भोक पाडून वेगळा रिव्हेट ठोकणं परवडणारच नव्हतं. ओहायोतल्या डेटनचा टूलमेकर अर्मल फ्रेझ याने १९६०च्या आसपास हे कोडं सोडवलं. पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरने १९६२मध्ये तसली झाकणं बाजारात आणली. फ्रेझला १९६७ साली मिळालेलं ३,३४९,९४९ क्रमांकाचं अमेरिकी पेटंट या कुळातल्या जुन्या पेटंटांपैकी एक आहे. पुढे रेनॉल्ड्स मेटल्सच्या डॅनियल कुडझिकने टॅब झाकणालाच चिकटून राहील अशी रचना केली. तिचं पेटंट १९७६चं, क्रमांक ३,९६७,७५२. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की या क्षेत्रात साठ वर्षांची दाट गर्दी आहे. परीक्षकाला बबल, बटन, कॉइनिंग (पत्रा दाबून चेपणं), स्कोअर, स्टेकिंग (डोकं चेपून टॅब पक्की करणं) यांतली कुठलीही सुटी कृती दोन मिनिटांत सापडते. पेटंटांच्या वर्गीकरणातला बी२१डी ५१/३८ हा वर्ग उघडला की झाकणं बनवण्याच्या पद्धतींची रांग लागते आणि बी६५डी १७ मध्ये फाडून उघडायच्या झाकणांची. तुमची कुठलीही एक कृती सुटेपणी नवी आहे असा दावा करायला जाल तर हराल.

आता मुद्दा. तुमच्या वर्णनावरून मला जे समजलं ते असं. बबल ते बटन या प्रवासात पत्रा नव्याने येत नाही, आहे तेवढाच ताणला आणि गोळा केला जातो. पहिल्या बटनानंतर भिंत उभी राहिलेली असते, पण मुळाची गोलाई अजून सैल असते. दुसरं बटन भिंत आणखी आवळतं, मुळाशी पत्रा तीव्र वळतो, तिथेच पातळ होतो आणि तिथेच तडा जातो. कडं दाबणं म्हणजे त्या वर्तुळावरचा पत्रा चेपून पातळ करणं, आणि चेपलेला धातू कुठेतरी सरकणारच. बबलच्या आधी कडं दाबलं तर तो सपाट पॅनेलमध्ये, म्हणजे झाकणाच्या मधल्या सपाट भागात पसरतो, पॅनेल सैल पडतं आणि दाबलेली जागा कडक होऊन पुढे ओढली जायला विरोध करते. शेवटच्या बटनानंतर दाबलं तर भिंत आधीच पातळ झालेली असते, तडा असेल तर तो पडून गेलेला असतो. मधे दाबलं तर सरकणारा धातू उभ्या भिंतीच्या मुळाकडे जातो आणि दुसऱ्या बटनाला लागणारी भर तिथून मिळते. ताणण्याऐवजी भरवलं जातं. माझ्या मते हा खरा शोध आहे आणि तुम्ही तो तुमच्या अर्जात ‘कॉइनिंग स्टेशन क्र. ३’ एवढ्या कोरड्या शब्दांत मांडला असावा, अशी मला भीती वाटते.

‘नुसता क्रम बदलला’ हा आक्षेप आपल्याकडे कुठून येतो, तेही समजून घ्या, कारण त्यामागे चांगला कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात निकाल दिला. वाद मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा होता. भांडं लेथवर घासताना ते घट्ट धरून ठेवायची एक युक्ती, दाब देणारा स्पिंडल, हे त्या पेटंटाचं सार होतं. न्यायालयाने पेटंट टिकवलं नाही. माहीत असलेल्या गोष्टीतली सुधारणा पेटंटयोग्य ठरायची तर ती कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त असली पाहिजे, आणि जुन्या घटकांची नुसती मांडामांड पुरेशी नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, ती पुष्कळ जण वाचत नाहीत: जुन्या घटकांच्या जोडणीतून नवा परिणाम, किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू मिळत असेल, तर ती जोडणी संरक्षणास पात्र ठरू शकते. धातूकामातला प्रत्येक पद्धतीचा अर्ज या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी उभा असतो. तुम्हाला दुसऱ्या वाक्याच्या बाजूला जायचं आहे, आणि तिकडे नेणारा रस्ता म्हणजे परिणाम. तो परिणाम आकड्यांत दिसला पाहिजे.

कलम २(१)(जेए) मध्ये कल्पकतेची व्याख्या आहे: आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या क्षेत्रातल्या कुशल माणसाला ती सहज सुचणारी नसावी. इथे ‘कुशल माणूस’ म्हणजे कोण, हे उत्तरात पहिल्याच पानावर ठरवून टाका. तुमच्या बाबतीत तो झाकणांच्या कन्व्हर्जन टूलिंगचा डिझायनर आहे. त्याला बबल आणि बटनांचे व्यास कसे काढतात ते माहीत आहे, पत्रा कामाने कडक होतो हे माहीत आहे. मग प्रश्न असा विचारायचा: या माणसाच्या हातात परीक्षकाचे दोन्ही दस्तऐवज दिले तर तो दुसऱ्यातलं कडं उचलून पहिल्यातल्या दोन बटनांच्या मधे का ठेवेल? ‘ठेवू शकेल’ हे पुरेसं नाही, ‘ठेवेल’ असं दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितलं की कल्पकता नाकारायची असेल तर तीन गोष्टींचा विचार दिसला पाहिजे: आधीच्या दस्तऐवजातला शोध कोणता, अर्जातला शोध कोणता, आणि कुशल माणसाला एकातून दुसरा कसा सहज सुचला असता. नुसतं ‘सहज सुचणारं आहे’ असं लिहून भागत नाही. तुमच्या अहवालात तिसरी गोष्ट एका ओळीत उरकली असेल, तर ते नम्रपणे पण स्पष्ट नोंदवा.

दुसरा दस्तऐवज मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. परीक्षकाने बहुधा एका परिच्छेदाचा आणि एका आकृतीचा हवाला दिलेला असतो. त्या पेटंटात कडं कधी दाबलं आहे? कशासाठी? बऱ्याच जुन्या झाकणांत रिव्हेटच्या मुळाशी दाब दिलेला असतो तो टॅब घट्ट बसावी किंवा आजूबाजूची जागा कडक व्हावी म्हणून, आणि तोही शेवटाकडे. तुमच्या दस्तऐवजात तसं असेल तर त्याचा हेतू वेगळा, वेळ वेगळी, पत्र्याची अवस्था वेगळी. एखाद्या ओळीत ‘अर्धवट उचललेल्या बटनाला दाब देऊ नये’ अशा अर्थाचं काही सापडलं, तर ते सोनं आहे, कारण मग तो दस्तऐवज कुशल माणसाला तुमच्यापासून दूर नेतो. सापडलं नाही तर ओढूनताणून काढू नका. परीक्षकही तो दस्तऐवज वाचणार आहे आणि एक ताणलेला अर्थ पकडला गेला की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

कलम ३(डी) आणि ३(एफ) यांचं उत्तर लहान आहे. ३(डी) मध्ये माहीत असलेल्या पद्धतीच्या नुसत्या वापराला पेटंट नाकारलं आहे. तुमची पद्धत संपूर्ण साखळी म्हणून कुठल्याही एका दस्तऐवजात नाही, तेव्हा ती ‘माहीत असलेली पद्धत’ ठरत नाही. तिचे तुकडे माहीत असणं वेगळं. ३(एफ) हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापल्या जुन्या रीतीने काम करणाऱ्या उपकरणांच्या मांडणीबद्दल आहे. कन्व्हर्जन प्रेसमध्ये कुठलंही स्टेशन स्वतंत्र नसतं. आधीच्या स्टेशनने पत्रा ज्या अवस्थेत सोडला, त्याच अवस्थेत पुढच्याने तो घ्यायचा असतो. तुमचं कडं पुढच्या बटनासाठी धातू तयार ठेवतं, हे परस्परावलंबन आहे. हीच गोष्ट तुम्ही कल्पकतेसाठीही मांडणार आहात, म्हणून तिन्ही ठिकाणी शब्द सारखे ठेवा.

आता क्लेम. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, म्हणून इथे मी मराठीत फक्त आशय देतो. तुमचा पहिला क्लेम मी अंदाजाने असा धरतो: ‘झाकण बनवण्याची पद्धत, ज्यात बबल उठवणे, पहिले बटन उठवणे, मुळाभोवती हलका दाब देणे, दुसरे बटन उठवणे, आणि टॅब बसवणे या पायऱ्या आहेत.’ यात दोन मोठ्या फटी आहेत. पायऱ्या त्याच क्रमाने घडल्या पाहिजेत असं कुठेही बांधलेलं नाही, आणि ‘हलका’ म्हणजे किती, ते नाही. कलम १०(४) नुसार क्लेमने हद्द आखायची असते आणि कलम १०(५) नुसार तो स्पष्ट, थोडक्यात आणि स्पेसिफिकेशनवर आधारलेला हवा. ‘हलका’, ‘योग्य’, ‘पुरेसा’ हे शब्द वर्कशॉपमध्ये चालतात, कारण तिथे समोर मिस्त्री उभा असतो. क्लेममध्ये ते परीक्षकाच्या आक्षेपाला दिलेलं आमंत्रण ठरतात.

मी तो असा बांधेन: पहिल्या बटनानंतर आणि दुसऱ्या बटनाच्या आधी, बटनाची भिंत उभी असताना आणि मुळाची गोलाई अमुक ते अमुक असताना, मुळाला लागून असलेल्या अमुक रुंदीच्या कड्यावर पत्रा मूळ जाडीच्या अमुक टक्क्यांपर्यंत चेपणे, अशा रीतीने की चेपलेल्या धातूचा काही भाग भिंतीच्या मुळाकडे सरकतो, आणि त्यानंतर, त्या सरकलेल्या धातूसह, दुसरे बटन पहिल्यापेक्षा कमी व्यासाचे उठवणे. ‘त्यानंतर’ आणि ‘त्या सरकलेल्या धातूसह’ हे शब्द क्रमाला कारणाशी बांधतात. आकडे मात्र तुमच्या स्पेसिफिकेशनमधले हवेत. आजच्या चाचणीतून आलेला नवा आकडा तिथे बसवता येणार नाही.

याचं कारण कलम ५९. अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती फक्त काही भाग सोडून देऊन, चूक सुधारून किंवा खुलासा करून करता येते. मूळ कागदात जे सांगितलं किंवा दाखवलं नव्हतं, ते आत आणता येत नाही, आणि दुरुस्त क्लेमची व्याप्ती आधीच्या क्लेमच्या आतच राहावी लागते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रेस टूलच्या अर्जात दाबाची मर्यादा आणि पायरीनंतरची जाडी हे सगळं शोधकाच्या वहीत होतं, व्यवस्थित तारखांसह. मी मसुदा लिहिताना ते ‘तपशील’ समजून गाळलं, क्लेम रुंद ठेवायचा म्हणून. परीक्षणात क्लेम आवळायची वेळ आली तेव्हा आवळायला कागदावर काहीच नव्हतं. अर्ज नाकारला गेला आणि तो योग्यच नाकारला गेला. त्या शोधकाची वही आजही मला डोळ्यांसमोर दिसते. तेव्हापासून मी शोधकाची वही मागवून घेतल्याशिवाय मसुद्याला हात लावत नाही.

मात्र परिणामाचा पुरावा ही वेगळी गोष्ट आहे. स्पेसिफिकेशनमध्ये तडे कमी होतात असा परिणाम सांगितलेला असेल, तर तो खरा आहे हे दाखवणारी नवी मोजमापं उत्तरासोबत देता येतात. ती स्पेसिफिकेशनचा भाग होत नाहीत, परीक्षकाला पटवण्याचं साधन होतात. तर चाचणी नीट करा. एकाच कॉइलमधली शेलं घ्या. तीन तऱ्हा करा: कडं मधे, कडं शेवटी, कडंच नाही. चौथी तऱ्हा परीक्षकाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची, म्हणजे त्याचे दोन दस्तऐवज सरळ जोडले तर जे मिळेल ते. प्रत्येकातले काही रिव्हेट राळेत बसवून मधोमध कापा, पॉलिश करा, सूक्ष्मदर्शकाखाली मुळाची जाडी मोजा. इनॅमल रेटरवर उघड्या पडलेल्या धातूचा मिलीअँपिअरमधला आकडा घ्या, कारण तडा जाण्याआधी लॅकर फुटतं आणि ते तिथे दिसतं. टॅब उचलायला आणि तोंड फाडायला लागणारं बल मोजा, म्हणजे एक सुधारताना दुसरं बिघडलं नाही हे दिसेल. जिथे तुमचा निकाल फारसा चांगला नाही, तो आकडाही द्या. ही मोजमापं शोधकाने किंवा चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञाने शपथपत्रावर द्यावीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला ती सर्वांत जास्त सतावते. समजा पद्धतीचं पेटंट मिळालं. उद्या तळोज्याच्या किंवा तुमच्याच वाळूजच्या एखाद्या कारखान्यात कोणी हीच पद्धत वापरली, तर तुम्हाला कळणार कसं? दुसऱ्याच्या प्रेसमध्ये डोकावायला कोणी देत नाही. कलम ४८ पद्धतीच्या पेटंटधारकाला त्या पद्धतीने थेट मिळालेल्या वस्तूवरही हक्क देतं, म्हणजे झाकण विकणं, आयात करणं हेही अडवता येतं. कलम १०४ए नुसार काही परिस्थितीत ‘आम्ही ही पद्धत वापरली नाही’ हे सिद्ध करायचं ओझं न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकतं. पण त्यासाठी आधी तुम्हाला दाखवावं लागतं की त्याची वस्तू तुमच्या पद्धतीतून निघणाऱ्या वस्तूसारखीच आहे, आणि वस्तू नवी नसेल तर ती याच पद्धतीने बनली असण्याची दाट शक्यता आहे व वाजवी प्रयत्न करूनही खरी पद्धत शोधता आली नाही, हेही. म्हणून झाकणावर राहणारी खूण शोधा. मधे दाबलेलं कडं दुसऱ्या बटनाने थोडं आत ओढलं जातं, तेव्हा छेदात त्याची आतली कड तिरकी दिसायला हवी. शेवटी दाबलेल्या कड्याची ती तशी दिसणार नाही. ही खूण तुमच्या आकृत्यांमध्ये असेल तर झाकणाचा स्वतंत्र क्लेम ठेवा. बाजारातून कॅन विकत आणायचा, रिव्हेट कापायचा, फोटो काढायचा, इतकं ते सोपं होतं. पद्धत, टूलिंग आणि झाकण हे तिन्ही एकाच कल्पनेचे भाग आहेत असं दाखवता आलं तर ते एका अर्जात राहतात. परीक्षक तरी हट्टाला पेटला तर कलम १६ नुसार विभागीय अर्ज, म्हणजे मूळ अर्जातला एक भाग वेगळा काढून केलेला अर्ज, करता येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

किती काय क्लेम करायचं, याबद्दल झाकणांच्याच जगातला एक खटला उपयोगी आहे. कॅन बनवणाऱ्या क्राउन कंपनीच्या झाकणांत कडेजवळची भिंत आधीच्या झाकणांपेक्षा बरीच तिरकी केलेली होती आणि त्याने पत्रा वाचत होता. तिची ६,८४८,८७५ आणि ६,९३५,८२६ ही अमेरिकी पेटंटं प्रतिस्पर्धी बॉल कंपनीविरुद्ध चालवली गेली. स्पेसिफिकेशनमध्ये पत्रा वाचवण्याचे दोन उपाय एकत्र सांगितलेले होते, क्लेममध्ये काही ठिकाणी एकच होता. खालच्या न्यायालयाने क्लेमला वर्णनाचा पुरेसा आधार नाही म्हणून ते रद्द ठरवले. २०११मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ते उलटवलं: शोधाने दोन अडचणी सोडवल्या असतील तर क्लेम त्यातल्या एकीपुरताही असू शकतो. हा अमेरिकेचा कायदा आहे, मुंबईत तो बंधनकारक नाही. पण मसुदा लिहिणाऱ्यासाठी शिकवण सगळीकडे तीच. प्रत्येक उपायाचा फायदा स्वतंत्र वाक्यात लिहून ठेवावा, म्हणजे पुढे एकावर उभं राहता येतं.

परदेशात अर्ज करणार असाल तर आणखी एक तपासा. अर्जाच्या तारखेआधी तुम्ही ही टूलिंग कोणाला दाखवली होती का, कोटेशन दिलं होतं का? डिसेंबर २०२४मध्ये त्याच फेडरल सर्किटने क्राउनच्याच, कॅनची मान आवळणाऱ्या यंत्रांवरच्या पेटंटांचे क्लेम बेलव्हॅक या कंपनीविरुद्धच्या खटल्यात अवैध ठरवले. कारण अर्जाच्या एक वर्षाहून आधी पाठवलेलं एक कोटेशनचं पत्र विक्रीचा प्रस्ताव ठरलं. युरोपात तर वर्षभराची सवलतही नाही. आपल्याकडे आधीचा उघड वापर हा पेटंट मिळण्यापूर्वीच्या विरोधाचा मुद्दा होऊ शकतो आणि असा विरोध कोणीही करू शकतं. ग्राहकाच्या इंजिनियरसमोर ट्रायल घेतली असेल तर गोपनीयतेचा करार सापडतो का ते आजच बघा.

मुदतीबद्दल थोडक्यात. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर जायला हवं. ती सहा महिन्यांची मुदत संपण्याआधी फॉर्म ४ भरला तर तीन महिने वाढवून मिळतात. उत्तर गेलंच नाही तर अर्ज सोडून दिला असं कलम २१ नुसार मानलं जातं आणि मग कितीही चांगला शोध असला तरी उपयोग नाही. छेद, फोटो आणि शपथपत्र यांत दोन महिने सहज जातात, म्हणून चाचणी याच आठवड्यात सुरू करा. उत्तर पटलं नाही तर सुनावणी लागते. तिथे तहकुबी फार तर दोनदा मिळते आणि सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. तिथेही नकार आला तर कलम ११७ए नुसार अपील, मुंबई कार्यालयाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयात. बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ २०२१मध्ये बंद झाल्यापासून ही अपिलं उच्च न्यायालयांकडे आहेत.

सुनावणीला शोधकाला सोबत बसवा. वकिली भाषेत अर्धा तास बोलून जे होत नाही, ते प्रेसवर उभं राहिलेल्या माणसाने ‘साहेब, इथे पत्रा ताणला जात होता, आता इथून भरला जातो’ असं बोट ठेवून दाखवल्यावर होतं. हल्ली सुनावणी व्हिडिओवर असते, तेव्हा बोट ठेवायला काहीतरी आधीच पाठवलेलं हवं. चारही तऱ्हांच्या छेदांचे फोटो एकाच मोठेपणात, एका पानावर, शेजारीशेजारी लावा, प्रत्येकावर मुळाची जाडी लिहा, आणि ते पान लेखी उत्तराचं पहिलं जोडपत्र करा.